अंगठ्याखालचा खेय

"उंटवर बठेल शे का तू? हयू दाब, हयू."

हिलाल सीटवर बसून खाली-वर होत होता आणि धुडकूनाना मागच्या चाकाशी उकिडवे बसून त्याला हळू दाबायला सांगत होते. हिलालचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, हात हँडलवर आणि चेहरा फोटो काढून घेणाऱ्या माणसासारखा. अंगात पायजमा, डोक्यावर टोपी, आणि खाली लालभडक, पिवळे पट्टे मारलेली, जाड टायरांची डोंगरी सायकल. सुरतेच्या डिंडोली-नवागामच्या पट्ट्यात कचऱ्याचे ढीग सोडले तर चढण म्हणून नव्हती, तरी सायकलीच्या नळीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं.

ही सायकल हिलालनं विकत घेतली नव्हती. सुताच्या एका व्यापाऱ्यानं दिवाळीत यंत्रमागवाल्यांसाठी सोडत काढली, तिच्यात दुसरं बक्षीस म्हणून ती त्याच्या वाट्याला आली. तिसरं बक्षीस कुकर होतं. हिलालच्या बायकोनं देवाजवळ कुकर मागितला होता, आणि देवानं एक नंबर वरचं दिलं म्हणून ती अजून देवाशी नीट बोलत नव्हती.

साधी सायकल एकजीव असते. ही मधोमध मोडलेली. पुढचा सांगाडा वेगळा, मागचं चाक धरणारा चिमटा वेगळा, दोघांना जोडणारा बिजागरीसारखा एक जाड बोल्ट, आणि वर एक दणकट स्प्रिंग. त्या स्प्रिंगला गल्ली शॉकर म्हणायची. खड्डा आला की चिमटा उचलायचा, स्प्रिंग दबायची आणि बसणाऱ्याची कंबर वाचायची. निदान सोडतीच्या दिवशी व्यापाऱ्याच्या मेहतानं, मुनिमानं, तसं सांगितलं होतं. दोन महिन्यांत सायकल मागून खटखटायला लागली, आणि वळणावर तिचा मागचा भाग पुढच्याला न विचारता जाऊ लागला.

"कुठे शे नाना?" हिलालनं विचारलं.

नाना बोलले नाहीत. त्यांचा अंगठा बोलत होता.

सांधा झिजला की लोखंड लोखंडात हलू लागतं. सुरतेतले कारागीर त्याला प्ले म्हणतात. नाना खेय म्हणत. खेळच तो, पण खानदेशातून येऊन तीस वर्षं झाली तरी नानांच्या तोंडात ळ शिरला नव्हता. खेय शोधायची त्यांची रीत एकच. अर्धा अंगठा या लोखंडावर ठेवायचा, अर्धा त्या लोखंडावर. दुसऱ्यानं सायकल हळू दाबायची, हळू सोडायची. दोन्ही लोखंडं बरोबर हलली तर सांधा घट्ट. एक थांबलं आणि दुसरं केसभर सरकलं, की चोर तिथं. मग पुढचा सांधा. शॉकरचं वरचं टोक, खालचं टोक, मधला जाड बोल्ट, शेवटी चाकाचा आस. घाई करायची नाही, आणि एक सांधा तपासताना दुसऱ्याचा विचारही करायचा नाही.

ही रीत सायकलीची नव्हती, मागाची होती. उधन्याच्या एका कारखान्यात नानांनी वीस वर्षं मागांची दुरुस्ती केली. अठ्ठेचाळीस माग एकदम चालू असले की माणसाला स्वतःची शिवी ऐकू येत नाही, तिथं मागाचा कुठला सांधा वाजतोय हे कानानं कोण ओळखणार? त्या गोंगाटानं नानांचे कान निम्मे नेले आणि बदल्यात अंगठा दिला. सौदा वाईट झाला असं नानांना कधी वाटलं नाही. कारखाना विकला गेल्यावर त्यांनी घरासमोरच्या ओट्यावर सायकलीचं दुकान मांडलं, आणि अंगठा सोबत आणला. मुलगा ललित वराछाला हिरे घासायचा. पहिलवान बापाच्या पोटी गवई यावा तसं झालं, असं नाना म्हणत, पण पोराचा अंगठा आपल्यावर गेलाय हे सांगायला विसरत नसत.

"थांब," नाना म्हणाले. "मधला बोल्ट. आतलं बुश खाई गयं."

निदान अचूक होतं. बोल्ट काढला तर आतली प्लॅस्टिकची नळी एका बाजूनं कागदासारखी पातळ झालेली. ती बाजारात सुटी मिळत नव्हती. रेल्वे फाटकापलीकडचा सायकलवाला मगन अशा वेळी सरळ अख्खा चिमटा बदला म्हणायचा. मगन चांगला होता, जवान होता, त्याच्या दुकानात ट्यूबलाइट होती. पण तो दोष शोधत नसे, सामान बदलत जाई आणि खटखट थांबली की तिथं थांबे. नानांनी त्याचं नाव बदली-मास्तर ठेवलं होतं, आणि मगनला ते माहीत होतं. त्यानं ते हसून घेतलं होतं, हे नानांना जास्त झोंबायचं.

मागात धोट्याला मारणारा नायलॉनचा ठोकळा असतो, पिकर म्हणतात त्याला. नानांकडं जुन्या कारखान्यातले झिजके पिकर डबाभर होते. त्यातला एक उचलून त्यांनी ओळखीच्या लेथवर नेला आणि जवळ उभं राहून बुश कातून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते बसवलं. हिलाल फाटकापर्यंत चक्कर मारून आला आणि ब्रेक न लावता पाय घासत थांबला.

"नाना, आवाज गया. लोनीसारखी चालस."

नानांनी मान हलवली, हातातल्या फडक्यानं बोल्ट पुसला आणि सवयीनं सांध्यावर अंगठा ठेवला. डाव्या हातानं सीट दाबली, सोडली. पुन्हा दाबली.

अंगठ्याखाली खेय होता.

"उतर," ते म्हणाले.

"काय व्हयनं?"

"आवाज गया व्हई. खेय गया नही."

हिलालनं पुन्हा चक्कर मारली. वळणावर मुद्दाम तिरपा झाला. परत येऊन सांगितलं की मागचा भाग आता शहाण्यासारखा पाठीमागंच येतोय. नानांनी ऐकलं. ऐकलं म्हणजे निम्मं ऐकलं, आणि त्या निम्म्यावरही विश्वास ठेवला नाही. कानानं सांगितलेलं त्यांच्या लेखी ऐकीव होतं.

"खेय शे तवर गाडी दुकानना बाहेर जावाव नही," ते म्हणाले.

हिलाल त्या दिवशी पायी कामावर गेला.

नाना माणूस हट्टी खरा, पण त्यांचा हट्ट गल्लीच्या उपयोगाचा होता. कुणी सेकंडहँड सायकल घ्यायची म्हटली की आधी नानांच्या अंगठ्याखालून काढायचा. दोन भावांत कुणाची सायकल कुणी बिघडवली यावर भांडण झालं तर नाना सांधा चाचपून सांगत, आणि भाऊ गप घरी जात. नानांच्या आईची आधीची दोन मुलं वारली होती, म्हणून तिसऱ्याला यमानं वळून बघू नये असं नाव ठेवलं. धुडकं म्हणजे फडकं. यमाचं माहीत नाही, पण साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांच्याकडं वळून बघितलं गेलं ते या एका बोटामुळं. हे नानांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून मगनच्या ट्यूबलाइटचा त्यांना राग नव्हता. अंगठा होता तोवर ट्यूबलाइटची गरज नव्हती.

त्याच दुपारी नानांच्या बायकोनं, प्रमिलाबाईंनी, चहा आणला. त्या दारात बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या. दिवसाला तीन साड्या व्हायच्या, आणि मध्येच उठून चहा. त्यांनी किटलीतून नानांच्या कपात चहा ओतला आणि कप अर्धा भरताच हात थांबवला.

हे काही महिने चाललं होतं. आधी नानांना वाटलं दूध महागलं. मग वाटलं बाई ललितच्या लग्नासाठी साखर साठवतेय. दोन्ही खोटं निघालं, कारण अर्धा संपला की प्रमिलाबाई न मागता दुसरा अर्धा ओतायच्या. म्हणजे चहा तेवढाच, साखर तेवढीच, फक्त बायकोला दोनदा वाकायला लागायचं. या व्यवहारात कुणाचा फायदा हे नानांना कळेना, आणि ज्यात फायदा कुणाचा ते कळत नाही त्याचा त्यांना राग यायचा.

त्या दिवशी दुकानात चार माणसं होती. संक्रांतीचं उत्तरायण आठवड्यावर आलेलं, जो तो मागच्या चाकात पतंगाचा मांजा गुंतवून आलेला. नाना त्यांच्यासमोर कप उचलून म्हणाले, "च्या शे का तीर्थ? हात जोडू का पिऊ?"

माणसं हसली. प्रमिलाबाई हसल्या नाहीत.

"हाऊ पी ल्या," त्या म्हणाल्या, "मंग आखो देस."

"हाई घरमा नवरालेबी हप्ताहप्ताथून च्या भेटस," नानांनी माणसांना सांगितलं, आणि ती आणखी हसली. प्रमिलाबाई किटली तिथंच ठेवून आत गेल्या. तो ‘आखो’, दुसरा अर्धा, त्या दिवशी कुणी ओतला नाही.

पुढच्या दोन दिवसांत नानांनी त्या सायकलीचं होतं नव्हतं ते उघडलं. मधला बोल्ट पुन्हा काढला. बुश जसंच्या तसं, तेल लावलेलं, घट्ट. शॉकरचं वरचं टोक खोललं, पातळ वॉशर घालून आवळलं. अंगठा ठेवला. खेय. खालचं टोक खोललं. खेय. मग चाक काढून आसाच्या वाट्या बघितल्या, छर्रे मोजले, नवं ग्रीस भरलं, चाक चढवून रिम धरून डावीउजवीकडं हलवलं. चाक जागचं हललं नाही. अंगठा म्हणाला, हललं.

जुना चोर असा वागत नाही. झिजलेला सांधा एका जागी सापडतो, आणि तिथं पकडला की बाकीचे निर्दोष सुटतात. इथं जिथं हात लावावा तिथं चोर. नानांना पहिल्यांदा सायकलीचा राग आला. असली मधोमध मोडलेली वस्तू बनवणाराच मुळात गाढव, असं ते फाटकाकडं तोंड करून म्हणाले. मगन तेव्हा तिकडून येत होता. त्यानं लोखंडाचे सुटे अवयव मांडलेले बघितले आणि मनापासून अख्खं बदलून टाकायचा सल्ला दिला.

"काका, आखूं बदली नाखो ने."

"तू जाय," नाना म्हणाले. मगन गेला.

संध्याकाळी हिलाल कामावरून परस्पर आला. तीन दिवस पायी चालून त्याच्या टाचेला फोड आला होता आणि बायकोनं कुकरचा विषय पुन्हा काढला होता. त्यानं चप्पल काढून टाच दाखवली. नानांनी सायकलीकडं बोट दाखवलं.

"नाना, माले बरी वाटस ती. मीच बठस ना तिन्हावर? मी सांगस, बरी शे. दी टाका."

"अंगठा खोटं बोलस का मना?"

 हिलालच्या बापाच्या सायकलीपासून या अंगठ्यानं कधी खोटं सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, उद्या सकाळी मात्र नेणारच, आणि लंगडत गेला.

सकाळी दुकानात कुणी नव्हतं. नानांनी सायकल जोडून भिंतीला लावली होती. थंडी होती, आणि गेले काही महिने थंडी नसतानाही नाना हातात फडकं धरून असत. फडकं हातात असलं की हात पुसत राहता येतो, आणि पुसणारा हात हलतो याचं कुणाला काही वाटत नाही. नानांनाही वाटत नव्हतं. तंबाखूमुळं असेल, मागाचे हादरे इतकी वर्षं खाल्ले त्यामुळं असेल, असं एकदोनदा मनात येऊन गेलं होतं, आणि पुसून टाकलं होतं.

ओट्याच्या कोपऱ्यात दगा नावाच्या माणसाची सायकल उभी होती. सुरतेत प्लेग पसरला त्या वर्षी लोक मिळेल त्या गाडीनं गावाकडं पळाले, तेव्हा अकरा जणांनी आपल्या सायकली नानांच्या ओट्यावर आणून ठेवल्या. नानाही नंतर गेले, पण आधी त्या अकरांना एका साखळीत बांधून, किल्ली कमरेला लावून गेले. परत आल्यावर दहा जण आपापली सायकल घेऊन गेले. दगा आला नाही. त्याचं गाव कुणाला नक्की माहीत नव्हतं. चार वर्षं झाली, नाना दर महिन्याला तिच्या चाकात हवा भरायचे, सांध्यांत तेल सोडायचे. ती चालवली कुणी नव्हती. उभ्या सायकलीला झीज नसते. तिच्यात कुठं काय आहे हे नानांना झोपेत सांगता आलं असतं, आणि तिच्यात खेय नव्हता.

नानांनी फडकं खाली ठेवलं. दगाच्या सायकलीच्या आसावर अंगठा ठेवला, अर्धा इकडं, अर्धा तिकडं. डाव्या हातानं काही दाबलं नाही. नुसता ठेवला.

अंगठ्याखाली खेय होता.

ते उठले. मग ओट्यासमोर गेले. तिथं जमिनीत रुळाचा एक तुकडा पुरलेला होता, वाकलेलं लोखंड ठोकायला. दुकान मांडलं त्या दिवशी नानांनी स्वतः कंबरभर खड्डा खणून, खडी-सिमेंट ओतून तो उभा केला होता. त्यावर हजार वेळा घण पडला होता. एकदा एक ट्रक मागं येताना त्याला धडकला, तेव्हा वाकला तो ट्रकचा बंपर. गल्लीत न हलणारी वस्तू कोणती असं कुणी विचारलं असतं, तर तो रूळ.

नाना खाली बसले. अर्धा अंगठा रुळावर, अर्धा सिमेंटवर.

रस्त्यानं कुणी जात नव्हतं. फाटक उघडं होतं, म्हणजे गाडीही नव्हती. जमीन शांत होती.

रूळ हलत होता. केसभर. सरकायचा, थांबायचा, सरकायचा.

नानांनी अंगठा उचलून डोळ्यासमोर धरला. मग डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं, घट्ट, जसं व्हाइसमध्ये पकडतात तसं. खेय थांबला. सोडलं. सुरू झाला. पुन्हा पकडलं. ते दोष शोधायची रीत विसरले नव्हते. एक सांधा धरायचा, बाकीचे सोडायचे. चोर सापडला होता.

हिलाल आला तेव्हा सायकल ओट्याखाली, रस्त्याकडं तोंड करून उभी होती, पुसलेली. त्यानं ती चालवून बघितली नाही, नानांच्या तोंडाकडं बघितलं.

"शेवट काय निघनं, नाना?"

लोक काही ना काही सांगतात. वॉशर म्हणाले असते तरी चाललं असतं, ग्रीस म्हणाले असते तरी हिलालनं गल्लीभर सांगितलं असतं की तीन दिवस लागले पण नानांनी चोर पकडलाच. नानांना ते दिसत होतं. त्यांनी फडकं उचललं, पण हात पुसले नाहीत.

"काही नव्हतं," ते म्हणाले. "पहिलाच दिन बरी व्हयेल व्हती. तू बरोबर सांगे."

हिलाल हसला, कारण त्याला वाटलं नाना थट्टा करताहेत. मग थांबला.

"आनि पुढली खेपले," नाना म्हणाले, "मगनकडे लई जाय."

"मगन? तो तर बदली-मास्तर."

"चांगला पोऱ्या शे. उजेड शे त्यान्हाकडे."

 हिलालनं टाच सांभाळत पाय टाकला, बसला आणि निघाला. सायकल लोण्यासारखी गेली. नानांना ते ऐकू आलं नाही, पण दिसलं.

प्रमिलाबाई किटली घेऊन आल्या. चारचौघांतला टोमणा त्यांच्या मनातून गेला नव्हता. काल त्यांनी चहा ओतून कप न बोलता ओट्यावर आपटला होता. आज त्या ठरवूनच आल्या होत्या की कप काठोकाठ भरायचा. घ्या म्हणावं, प्या मानानं, सांडा धोतरावर, मी का म्हणून झाकायचं. त्यांनी ओतायला सुरुवात केली. चहा अर्ध्यावर आला, तरी त्यांचा हात थांबला नाही.

"बस," नाना म्हणाले.

किटली थांबली.

नानांनी कप लगेच उचलला नाही. ते रुळाकडं बघत होते.

"कव्हयपासून?"

काय कव्हयपासून, असं प्रमिलाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी पदराला चिकटलेली एक टिकली नखानं काढली.

"पोयापासून," त्या म्हणाल्या.

पोळ्याला आता पाच महिने होत आले होते. नानांनी मनात मागं जाऊन बघितलं असावं. किती चहा, किती वेळा वाकणं, किती माणसांसमोर किती टोमणे. मग त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि कप उचलला. कप ओठांपर्यंत पोचायला वेळ लागला. प्रमिलाबाईंनी रस्त्याकडं तोंड केलं, जसं काही कुणी येतंय.

अर्धा संपल्यावर नानांनी कप पुढं केला.

"आखो दे."

त्यांनी दुसरा अर्धा ओतला. थेंबभरही सांडला नाही.